मुनीरसाहेबांची उंच मेंढरं

मुनीरसाहेबांना दावतीला बोलवायला त्यांची शहरातली नातेवाईक मंडळी जरा कचरतच असत. माणूस खाण्याचा शौकीन, बोलायला गोड. पण ताटात मटणाचा मोठा तुकडा आला की ते हाड उचलून उजेडाकडं धरायचे, फिरवून फिरवून बघायचे, आणि मग त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा शहरात रोशन गेटजवळ एका वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या दावतीला, मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. नवऱ्या मुलाचा बाप स्वतः आग्रह करकरून वाढत होता. साहेबांनी मांडीचं हाड हातात घेतलं, बोटांनी त्याची लांबी चाचपली आणि भर दस्तरखानावर म्हणाले, "भाईसाब, इसको काय को काटे? ये तो बाप बनने के लायक था."

सगळे घास हातात धरून थिजले. नवऱ्या मुलाच्या बापाला आधी कळेचना की कुणाबद्दल चाललंय. साहेब माझ्याकडं वळून मराठीत सांगू लागले, "बघा पवार, टोक अजून कच्चं आहे हाडाचं. म्हणजे वय काहीच नाही. आणि लांबी बघा! गवतावर एवढा वाढलेला मेंढा, आणि आपण त्याला शोरब्यात घातला." त्यांनी हाड ताटात ठेवलं, हात धुतले आणि नंतर फक्त गोड भात खाल्ला.

ऐकणाऱ्याला ही तऱ्हेवाईकपणाची गोष्ट वाटेल. मलाही तेव्हा हसू आलं होतं. पण त्या एका वाक्यात साहेबांची आयुष्यभराची तक्रार होती.

पिशोरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला सरकारी मेंढी पैदास केंद्र होतं. माळ मोठा, झाडं थोडी, आणि पत्र्याच्या शेड्स. सोयगावचा मी, नुकताच गुरांचा डॉक्टर झालेला, पहिल्या नेमणुकीवर तिथं हजर झालो तेव्हा मुनीरसाहेब केंद्राचे प्रमुख होते. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट नेहमी स्वच्छ आणि बुटांवर मात्र लेंड्या चिकटलेल्या. शिक्षण हैदराबादला झालेलं. पोलिस अॅक्शननंतर त्यांचे दोघे मोठे भाऊ कराचीला गेले. साहेब गेले नाहीत. का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अम्मी म्हणाली, मी इथंच मरणार. मग मी पण म्हटलं, इथंच. त्यात काय एवढं." त्या विषयावर याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. पत्नी जुबेदाआपा शहरातल्या घरी राहायच्या. मूलबाळ नव्हतं. शनिवारी साहेब एसटीनं घरी जायचे आणि सोमवारी सकाळी माळावर हजर.

त्यांची तक्रार अशी होती. आपल्याकडं कळपात जे नर कोकरू सगळ्यात जोमानं वाढतं, त्याला सगळ्यात आधी गिऱ्हाईक येतं. ते खाटकाकडं जातं. जे खुरटं, ज्याला कुणी विचारत नाही, ते कळपात राहतं आणि पुढं तेच सगळ्या कोकरांचा बाप होतं. "आजोबांपासून हेच चाललंय," ते धनगरांना सांगायचे. "उत्तम तो कापायचा आणि उरलासुरला नवरा करायचा. आणि मग म्हणायचं, पूर्वीसारखी मेंढरं राहिली नाहीत. कशी राहतील बाबा?"

त्यांचा उपाय सरळ होता. परदेशी मेंढे नकोत, गोठ्यात बांधून खुराक नको. आपली काळी दख्खनी मेंढी, आपला माळ, आपलं गवत. सगळ्या कोकरांना सारखं चरायला सोडायचं. दूध तुटलं की वजन करायचं, पावसाळा सरला की पुन्हा करायचं. नुसत्या गवतावर जे सगळ्यात जास्त वाढलं ते ठेवायचं, बाकीचे नर खच्ची करायचे. पिढ्यान्पिढ्या हेच करत राहायचं. बास.

कोकरांची वजनं ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. झाडाला ताणकाटा अडकवलेला, त्याला कापडाची झोळी. कोकरू झोळीत घालताना त्याच्या कानाशी "चला बेटा, इम्तिहान," असं पुटपुटायचे. एकदा मारुती नावाच्या आमच्या शिपायाला दोन मरतुकड्या जुळ्या कोकरांची दया आली. त्यानं त्यांना लपवून शेंगदाण्याची पेंड चारली. पेंड चारताना शेजारची चार तोंडंही त्यात घुसणारच. साहेबांना वजनात संशय आला, मारुतीनं कबूल केलं. ते त्याला एक शब्दही बोलले नाहीत. पण त्या शेडमधली सगळी कोकरं त्यांनी त्या वर्षीच्या निवडीतून बाद केली. मी म्हणालो, "साहेब, यातली दोन-तीन खरोखर चांगली असतील." ते म्हणाले, "असतील. पण आता कळणार कसं? गवत म्हणजे परीक्षा, पवार. पेंड म्हणजे कॉपी."

केंद्रावर सुधारणा दिसायला लागली होती, पण साहेबांचं समाधान केंद्रावर नव्हतं. त्यांना ती गावात दिसायला हवी होती. आणि गावात त्यांच्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस ठकाजी.

ठकाजी धनगराचा वाडा डोंगराच्या सोंडेला होता. वाडा म्हणजे काय, जाळीचं कुंपण, त्यात मेंढरं, आणि बाजूला पालासारखी झोपडी. त्याच्या कळपातलं एक नर कोकरू साहेबांनी चरताना पाहिलं होतं आणि त्यांची झोप उडाली होती. शहरातला व्यापारी ते न्यायला येणार असं कळलं, तेव्हा मला घेऊन ते सकाळीच ठकाजीच्या वाड्यावर जाऊन बसले. व्यापारी आला, त्यानं कोकराच्या पाठीवर हात फिरवला. साहेब उठले आणि कोकराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्याच्या गळ्यात हात घालून उभे राहिले.

"डॉक्टरसाब, तुमी घेणार काय हे?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"मी घेणार नाही. तू पण घेणार नाहीस. हे इथं राहणार."

ठकाजी डोकं खाजवत मधे उभा. "सायेब, असं कसं? सणाचं गिऱ्हाईक हाय."

"ठकाजी, तुझ्या पोरीसाठी नवरा बघशील तर घरातला सगळ्यात रोगट पोरगा बघशील काय?"

"नाय."

"मग मेंढ्यांनी काय पाप केलं?"

ठकाजीनं कोकराकडं पाहिलं. मग व्यापाऱ्याला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेट. फुडल्या बारीला बगू." व्यापारी शिव्या देत गेला. साहेब इतके खूश झाले की परत येताना माळावर त्यांनी मला हैदराबादची एक कव्वाली म्हणून दाखवली. आवाज अगदीच बेसूर होता.

कोकरू ठेवलं, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. कळपातले खुरटे नर काढायला हवे होते. पुढच्या फेरीला साहेब चिमटा घेऊन गेले आणि एकेकाला खच्ची करू लागले. एक बुटका, दणकट बांध्याचा मेंढा धरला तेव्हा ठकाजीची बायको गोदाबाई पुढं आली. "याला नका करू सायेब. ह्यो माज्या म्हायेरचा हाय. बापानं दिल्याला."

साहेब तिच्याशी फार अदबीनं बोलले. बहीण म्हणाले तिला. पण चिमटा खाली ठेवला नाही. "माहेरचं माणूस जेवायला असावं, बाई. वंशाला नको. याची उंची बघा." गोदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. ठकाजीनं मान हलवली. ती झोपडीत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतरची तीन-चार वर्षं साहेबांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. केंद्रातले निवडक मेंढे ते ठकाजीला देत गेले. पाऊसपाणी बरं होतं, माळावर पवना गवत गुडघ्याला लागायचं. ठकाजीची कोकरं शेजारच्या कळपांपेक्षा वीतभर उंच दिसायला लागली. पिशोरच्या बाजारात लोक त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. "कोन्त्या देशाची जात हाय?" असं विचारायचे. साहेब गर्दीत मागं उभे राहून ऐकायचे आणि माझा दंड दाबून म्हणायचे, "देशाची! याच देशाची!" मग आणखी धनगर यायला लागले. खुरटे नर खच्ची करून घ्या म्हणून आपणहोऊन निरोप पाठवायला लागले. आमच्या भागात बुटका मेंढा शोधूनही सापडेना.

आणि मग पाऊस गेला.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल खूप लिहिलं-बोललं गेलं आहे. माणसांचं सांगतात, ते खरंच आहे. मी मेंढरांचं सांगतो. त्याआधीचं वर्षही कोरडंच होतं, त्यामुळं माळावरचं गवत आधीच विरळ झालेलं. त्या वर्षी ते आलंच नाही. कुसळीची खोडंसुद्धा मेंढ्यांनी खरवडून खाल्ली, मग माती दिसायला लागली. वैरणीच्या मागण्या गेल्या, थोडी वैरण आली, ती आधी गुरांना गेली. साहेबांनी स्वतः दारोदार फिरून पेंड मिळवली. गवतावर एवढा हट्ट धरणारा माणूस, मुठीमुठीनं पेंड वाटत शेडमधून फिरत होता. ती पुरण्यासारखी नव्हती.

सगळ्यात आधी उंच मेंढ्या बसल्या. मेंढी एकदा बसली की तिला उचलून उभी करावी लागते, आणि उभी केली तरी ती पुन्हा बसते. आमच्या निवडीतल्या, चार-चार पिढ्या पारखून घेतलेल्या, लांब पायांच्या, रुंद पाठीच्या मेंढ्या. शेडच्या पलीकडं बाद जनावरांचा एक वाडा होता. खुरट्या, आखूड, केंद्रानं काढून टाकायच्या म्हणून वेगळ्या ठेवलेल्या मेंढ्या तिथं होत्या. त्यांच्याकडं लक्ष द्यायला कुणाला वेळच नव्हता. त्या बाभळीच्या वाळक्या शेंगा आणि बोरीचा पाला चघळत उभ्या होत्या. हाडं निघाली होती, पण उभ्या होत्या.

मेलेल्या जनावरांची तपासणी माझ्याकडं होती. एका सकाळी मी रांगेनं पडलेल्या मेंढ्यांपाशी बसलो होतो. साहेब आले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. एकेकीच्या कानातला बिल्ला वाकून बघत होते. मग त्या बाद वाड्याच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. किती तरी वेळ. मी हात पुसून जवळ गेलो.

"पवार," ते म्हणाले, "रोग नाही ना काही?"

"नाही साहेब. उपासमार."

"सगळ्यांना सारखंच दिलं ना आपण?"

"सारखंच."

"सारखंच," ते म्हणाले. "मोठ्या शरीराला सारखं कसं पुरेल?" माझ्याकडं न बघता ते पुढं बोलले. "मी वाढ निवडत होतो. वाढीबरोबर भूक येते, हे मला माहीत होतं. पुस्तकात आहे. पण चांगल्या पावसात भूक दिसत नाही हो."

मी काही तरी समजुतीचं बोललो. असा दुष्काळ शंभर वर्षांत एकदा पडतो, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठकाजीकडं जायला पाहिजे."

ठकाजी तेव्हा तिथं नव्हता. तो कळप घेऊन घाट उतरून खानदेशात गेला होता, कुठं तरी चारा मिळेल म्हणून. साहेब रोज चौकशी करायचे. तो परत आल्याचं कळलं त्याच दिवशी आम्ही गेलो.

कुंपणाच्या जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. आत काही नव्हतं. ठकाजी झोपडीच्या सावलीत बसला होता. आम्हाला बघून उठला, रामराम घातला, घोंगडी झटकून पसरली. साहेब घोंगडीवर बसले नाहीत, मातीत बसले.

"किती राहिली?" त्यांनी विचारलं.

"काय नाय ऱ्हायलं सायेब. घाटातच बसाया लागली. लांब पायाची व्हती, पर चालवंना त्यास्नी." ठकाजी साधेपणानं सांगत होता, जणू दुसऱ्या कुणाचं. "बरुबर पल्याडल्या गावच्या म्हादूचा कळप व्हता. त्यानं आपलं मेंढं नव्हतं घेतलं. त्याची निम्मी परत आली."

साहेबांनी मान खाली घातली. ठकाजीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगावर धावून आला असता तरी चाललं असतं. पण तोच साहेबांची समजूत घालायला लागला. "तुमी तरी काय करनार? पान्यानं दगा दिला. तुमी आमच्या भल्याचंच बगत व्हता."

गोदाबाईनं बिनदुधाचा चहा आणून ठेवला. साहेबांनी कप उचलला, तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "सायेब, आमची बारकी व्हती तीच बरी व्हती. पोटाला कमी मागायची." आवाजात राग नव्हता. मग ती पदर डोळ्याला न लावता आत गेली आणि तिथून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. तिला आणि ठकाजीला दुसऱ्या दिवसापासून खडी फोडायला सरकारी कामावर जायचं होतं.

साहेबांनी चहा संपवला. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "तिच्या माहेरचा मेंढा. तो खच्ची केला नसता तर बीज राहिलं असतं."

पुढच्या वर्षी पाऊस आला. केंद्रावर निवडीतल्या मोजक्या मेंढ्या वाचल्या होत्या आणि एक मेंढा. तो मेंढा उंच होता, आणि दुष्काळभर एकदाही बसला नव्हता. साहेब त्याच्याकडं तासन्‌तास बघत बसायचे. हळूहळू त्यांच्या बोलण्यात पुन्हा धार यायला लागली. "मी प्रश्नच अर्धा विचारला होता, पवार. चांगल्या वर्षी कोण वाढतो, एवढंच विचारलं. वाईट वर्षी कोण टिकतो, हे विचारलंच नाही. हा दोन्हीचं उत्तर आहे. याच्यापासून पुन्हा सुरुवात करायची. बाद वाड्यातल्या मेंढ्या याच्यासाठी घ्यायच्या." मला फार बरं वाटलं होतं. मी म्हणालो, "किती वर्षं लागतील?" ते हसले. "मला रिटायर व्हायला लागतील त्यापेक्षा जास्त. तुम्ही आहात ना."

त्यांनी तो मेंढा पहिल्यांदा ठकाजीकडं नेला. स्वतः दोरी धरून, चालत. मी बरोबर होतो. ठकाजीनं मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला खडीच्या कामानं भेगा पडल्या होत्या.

"याची पहिली कोकरं तुझी, ठकाजी. मेंढ्या पण मी देतो केंद्रातून."

"जनावर लई देखनं हाय," ठकाजी म्हणाला. मग त्यानं हात काढून घेतला. "पर नको सायेब. मी आता मेंढरं नाय ठेवनार. मुकादम म्हनला, कामावर कायम घेतो."

"धनगराच्या घरात मेंढरू नाही?"

"व्हय. नाय."

आम्ही मेंढा घेऊन परत आलो. मेंढा वाटेत थांबून थांबून हिरवं गवत खात होता, आणि साहेब प्रत्येक वेळी त्याचं खाणं होईपर्यंत उभे राहत होते.

त्याच वर्षाअखेर वरून हुकूम आला. आता परदेशी मेंढ्यांशी संकर करायचा, जनावरं बांधून वाढवायची. जुना स्थानिक कळप लिलावात काढायचा. साहेब शहरात जाऊन वरिष्ठांना भेटले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "ऐकून घेतलं. चहा पाजला. म्हणाले, तुमची मेंढरं तर दुष्काळात मेली ना? मी काय म्हणणार?"

लिलावाच्या दिवशी मला वाटलं होतं, ते येणार नाहीत. ते आले. तो मेंढा बाहेर आणला तेव्हा बोली चढत गेली, कारण त्याच्या अंगावर मांस होतं. खुरट्या मेंढ्यांना फारसं कुणी विचारलं नाही. मेंढा शहरातल्या व्यापाऱ्यानं घेतला आणि टेंपोत चढवला. विकलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला काढून घेण्याचा नियम होता, तो साहेबांनी स्वतःच्या हातानं पाळला. कान फाटू नये म्हणून सांभाळून. बिल्ला त्यांनी मोजणीच्या डब्यात टाकला. मग ऑफिसात जाऊन बसले आणि नव्या शेड्सच्या कामाचे कागद पुढं ओढले. निवृत्त होईपर्यंत ते दिलेलं काम चोख करत राहिले. वजनाच्या दिवशी मात्र ताणकाट्यापाशी दुसरंच कुणी तरी उभं असायचं.

माझ्या बदल्या होत गेल्या. मी पैठणला होतो तेव्हा जुबेदाआपा गेल्याचं कळलं. मी शहरात जाऊन साहेबांना भेटलो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन करायला ते तयार नव्हते. "काय बघायचंय आता," म्हणाले. मी हट्टानं त्यांना थोडे दिवस पैठणला घेऊन आलो. माझ्या बायकोच्या हातची भाजी-भाकरी ते निमूट खायचे, माझ्या मुलांशी थोडं बोलायचे, आणि उरलेला वेळ अंगणात बसून राहायचे. खात्यात कुणी हुशार नवीन पोरं आली होती. त्यांना साहेबांनी चार गोष्टी सांगाव्यात, असं मी सुचवलं.

"काय सांगू? माझं बरोबर होतं म्हणून सांगू, की चूक होतं म्हणून? दोन्ही खरं आहे. आणि दोन्हींचा उपयोग नाही."

मग ते परत जायचं म्हणू लागले. मी एसटीनं त्यांना सोडायला निघालो. ते खिडकीशी बसले होते. बिडकीनच्या अलीकडं गाडी थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, पुढचे लोक ओरडू लागले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मेंढरं आहेत साहेब. रस्ता ओलांडतायत."

त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. दिसत काहीच नसणार. धूळ आणि एक काळी सरकती सावली, फार तर. एक धनगराची बाई काठी आडवी धरून मेंढरं हाकत होती. कळप लांबलचक होता, संपता संपत नव्हता. साहेबांनी खिडकीच्या गजाला धरलं.

"उंच आहेत?"

मी बाहेर पाहिलं. आखूड पायांची, काटकुळी, काळी मेंढरं एकमेकांना खेटून डांबरावरून पलीकडच्या उघड्या माळावर उतरत होती.

"नाही साहेब. बारीक आहेत."

शेवटची मेंढी पलीकडं गेली, गाडी हलली, तेव्हा त्यांनी गजावरचा हात सोडला.

"मग जगतील," ते म्हणाले, आणि शहर येईपर्यंत डोळे मिटून बसले.